महाकाय वातयाने आणि हवेची उष्णता

वातयानाला उचलून धरतो तो त्याच्या पिशव्यांतला हायड्रोजन किंवा हेलियम. पण तो किती भार पेलेल हे भोवतालच्या हवेच्या घनतेवर ठरते. पिशव्या पूर्ण भरलेल्या असताना हवा आणि वायू सारखेच तापले, तर दर तीन अंश सेल्सिअसला उचलशक्ती सुमारे १ टक्का घटते. उन्हाने वायू हवेपेक्षा जास्त तापला, तर तो प्रसरण पावतो. पिशव्यांत जागा असेल तर यान हलके होते. नसेल तर जादा वायू झडपेतून सोडावा लागतो आणि रात्री गारवा आल्यावर त्याची उणीव भासते. ऊन परतवण्यासाठी झेपेलिन वातयानांच्या कापडी आवरणावर ॲल्युमिनियमच्या भुकटीचा लेप देत.

२५ ऑगस्ट १९२७ रोजी अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे नौदलाचे ‘लॉस एंजेलिस’ हे २०० मीटर लांबीचे यान उंच मनोऱ्याला नाकाशी बांधलेले होते. अचानक समुद्रावरून थंड, जड हवा आली. तिने शेपूट वर उचलले आणि आतला वायू अजून उबदार असल्याने ते चढतच गेले. आत २५ माणसे असताना यान जवळजवळ उभे राहिले, मग फिरून दुसऱ्या बाजूला हळूहळू खाली आले. जीवितहानी झाली नाही; मात्र नौदलाने पुढे उंच मनोरे सोडून बुटके मनोरे स्वीकारले.

१९२९ च्या जगप्रदक्षिणेत ‘ग्राफ झेपेलिन’ या वातयानाला लॉस एंजेलिस शहरावर तापमानाची विपरीतता भेटली : खाली थंड हवा, वर उबदार. थंड थरात यान बुडेना, म्हणून कप्तान ह्यूगो एकेनर यांना हायड्रोजन सोडावा लागला. परिणामी निघताना यान जड झाले. शेपूट जमिनीला घासले आणि विजेच्या तारा थोडक्यात चुकल्या.

ब्रिटनच्या ‘आर १०१’ या वातयानाला तर थेट हिंदुस्थान गाठायचा होता. त्यासाठी तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत प्रचंड हँगर बांधला गेला. १५ अंशांऐवजी ३५ अंशांच्या हवेत अशा यानाची उचलशक्ती सुमारे ७ टक्के, म्हणजे दहा टनांहून अधिक घटते. उष्ण प्रदेशात पेट्रोलची वाफ धोक्याची मानून जड डिझेल इंजिने बसवली गेली. त्यांनी भार आणखी वाढवला. १९३० मध्ये यान मधोमध कापून जादा पिशवीचा कप्पा जोडला गेला आणि लांबी २२३ वरून २३७ मीटर झाली. ५ ऑक्टोबरला, हिंदुस्थानच्या पहिल्याच प्रवासात, ते फ्रान्समधील बोव्हेजवळ वादळी पावसात कोसळले. ५४ पैकी ४८ जण दगावले. ब्रिटनने वातयानांची योजना गुंडाळली आणि कराचीच्या हँगरमध्ये एकही वातयान कधी आले नाही.