कागदात न मावलेली लय

फेब्रुवारी 1917. युरोपात महायुद्ध पेटलेलं होतं. कवी आणि मुत्सद्दी पोल क्लोदेल यांचा सचिव म्हणून दारियुस मियो हा चोवीस वर्षांचा फ्रेंच संगीतकार ब्राझीलमध्ये, रिओ दि जानेरोत उतरला. शहरात कार्निव्हलची धामधूम होती. रस्तोरस्ती ऐकू येणाऱ्या लयीनं तो झपाटला. छापील स्वरलिपी विकत आणून पियानोवर बसला. बोटं तयार होती, वाचन पक्कं होतं. पण लय हाती लागेना.

अडचण काय होती? मंडळी, तुम्हीच करून पाहा. सारख्या गतीनं एक-दोन-तीन-चार मोजा. टाळी एक, दोन आणि चारवर द्या. तीन रिकामा सोडा. कानाला जिथं ठोका हवा असतो, तिथं तो नसतोच. आधीच येऊन गेलेला असतो. आता एका हातानं हे वाजवायचं आणि दुसऱ्या हातानं वेगळा ठेका धरायचा!

त्याच रिओत ‘ओदेयॉन’ चित्रपटगृहात एर्नेस्तो नाझारेथ पियानो वाजवत. मियो त्यांना ऐकू लागला. त्या रिकाम्या जागेत एक सहज सोडलेला श्वास असतो आणि तोच आपल्याकडून निसटतो, हे त्याच्या ध्यानात आलं. खूप मेहनतीनंतर तो त्याला साधला.

ही लय आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली 1888 साली. युरोपचा पोल्का या लयीत मिसळून ‘मशिशी’ नाच जन्मला. प्रतिष्ठितांना तो असभ्य वाटे. म्हणून नाझारेथ आपल्या रचनांना ‘ब्राझिलियन टँगो’ म्हणत.

मियोनं 1920 मध्ये पॅरिसमध्ये ‘छपरावरचा बैल’ ही रचना सादर केली. तीत वीसहून अधिक ब्राझिलियन चाली गुंफलेल्या होत्या. त्यानं लेख लिहून नाझारेथ यांची थोरवी सांगितली, हे खरं. पण रचना गाजली ती एकट्या मियोच्या नावानं. इकडे नाझारेथ यांना ऐकू येईनासं झालं, मनही ढासळलं. 1934 मध्ये ते गेले.

सुदैवानं 1930 साली त्यांनी स्वतः वाजवलेल्या काही रचनांचं ध्वनिमुद्रण शिल्लक आहे. ही लय शिकायची असेल, तर आधी ते ऐकावं आणि मग स्वरलिपी उघडावी. गाणं गुरुमुखातून घ्यावं, असं आपल्याकडे म्हणतात. रिओत मियोही तेच शिकला.