लिनक्सची बसवणी : एका उघड्या विद्येचा इतिहास

इतिहास म्हटला कीं राजांच्या स्वाऱ्या आणि तहनामे डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु ज्या अडचणी लोकांनीं एकमेकांस सांगून-विचारून दूर केल्या, त्यांचाहि इतिहास असतो. लिनक्स या संगणकप्रणालीचा इतिहास या प्रकारचा आहे. संगणकाचा सर्व कारभार चालविणारी ही प्रणाली कोणासहि आंतून पाहतां येते, बदलतां येते आणि दुसऱ्यास देतां येते. ती यंत्रांत बसवितांना व जाळ्यास जोडतांना कोणतीं विघ्नें आलीं आणि त्यांचा परिहार कसा झाला, हें श्रोत्यांपुढें थोडक्यांत मांडावयाचें आहे.

या कथेचें मूळ एका अडलेल्या छपाईयंत्रांत आहे, असें म्हटल्यास फारसें वावगें होणार नाहीं. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेच्या एका प्रयोगशाळेंत नवें लेसर छपाईयंत्र आलें. त्यांत कागद वारंवार अडके. जुन्या यंत्रास रिचर्ड स्टॉलमन यांनीं अशी सोय केली होती कीं, कागद अडकतांच संबंधितांच्या संगणकावर सूचना जावी. नव्या यंत्रास तीच सोय करावी, तर त्याची मूळ आज्ञावली हवी; आणि ती देण्यास नकार मिळाला. पुढें २७ सप्टेंबर १९८३ रोजीं स्टॉलमन यांनीं ग्नू या मुक्त प्रणालीची घोषणा केली. तिचीं पुष्कळशीं साधनें तयार झालीं, पण गाभा अपुरा राहिला. तसा गाभा हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें १९९१ मध्यें लिहिला, आणि १९९२ मध्यें तो ग्नूच्याच परवान्याखालीं आणला.

आरंभीं ही प्रणाली बसविणें सामान्य माणसाच्या आवाक्यांतील काम नव्हतें. दोन फ्लॉप्या मिळत : एक यंत्र जागें करण्यास, दुसरी मूळ साधनांची. पुढील कामें हातांनींच करावीं लागत. १९९२ मध्यें मँचेस्टरच्या संगणक-केंद्रानें, आणि १९९३ मध्यें स्लॅकवेअर व डेबियन यांच्या कर्त्यांनीं, साहित्य एकत्र बांधून दिलें. तरी तें बहुधा फ्लॉप्यांच्या चळतींतूनच उतरवावें लागे. आणि चळतींतील एक फ्लॉपी खराब निघाली कीं सारा खटाटोप व्यर्थ जाई.

सर्व नीट उतरलें तरी यंत्र पुन्हां सुरू होईलच याची शाश्वती नसे. प्रणालीस जागें करण्याचें काम त्या काळीं ‘लिलो’ नांवाची छोटी आज्ञावली करी. ती आपल्या नांवाचीं चार रोमन अक्षरें एकेक टप्पा पार पडेल तसतशीं पडद्यावर उमटवी. पहिलीं दोनच अक्षरें उमटून यंत्र थांबलें, तर जाणत्यानें ओळखावें कीं दुसरा टप्पा सांपडला, परंतु चालूं शकला नाहीं. बहुधा हार्ड डिस्कच्या मोजमापांत घोटाळा आहे. जुन्या यंत्रांस डिस्कच्या पहिल्या १०२४ वर्तुळांपलीकडचें वाचतां येत नसे. म्हणून गाभ्यासाठीं डिस्कच्या आरंभींच लहानसा विभाग राखून ठेवण्याचा उपाय रूढ झाला. वर्गांतील मुलाचें गणित नेमकें कोणत्या पायरीवर चुकलें हें शिक्षकास कळावें, तसाच हा प्रकार होता.

जाळ्याच्या जोडणीची कथा याहून गुंतागुंतीची आहे. रॉस बिरो यांनीं त्या भागाचा आरंभ केला, फ्रेड व्हॅन केम्पेन यांनीं तो पुढें नेला, आणि वेल्समधील अ‍ॅलन कॉक्स यांनीं त्यास स्थैर्य आणलें. नासामध्यें काम करणारे डोनाल्ड बेकर यांनीं अनेक प्रकारच्या नेटवर्क कार्डांसाठीं ड्रायव्हर लिहिले. त्या काळच्या कार्डांवर बारीक खुंट्या बसवून त्यांचा पत्ता ठरवावा लागे. दोन कार्डांनीं एकच खूण धरली, तर दोन्ही अडत.

दोष शोधण्याची रीत मात्र तेव्हांपासून आजतागायत तीच आहे. अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेंतील माइक म्यूस यांनीं डिसेंबर १९८३ मध्यें ‘पिंग’ हें साधन रचलें. समुद्रांत ध्वनि सोडून प्रतिध्वनि ऐकतात, त्यावरून हें नांव पडलें. प्रथम स्वतःच्याच यंत्रास हांक मारावी. मग घरांतील राउटरला. मग बाहेरच्या एखाद्या यंत्रास त्याच्या अंकांच्या पत्त्यानें. आणि शेवटीं नांवानें. अंकांनीं उत्तर येतें आणि नांवानें येत नाहीं, तर तार शाबूत आहे. नांवाचा पत्ता सांगणारा सर्व्हर तेवढा तपासावा. राउटरपर्यंतच उत्तर येत असेल, तर दोष बहुधा त्यापुढें आहे. एवढा क्रम पाळला, तरी पुष्कळ व्यर्थ धडपड वांचते.

वाय-फाय आल्यावर जुनाच नकार पुन्हां आडवा आला. कित्येक कंपन्या आपल्या कार्डांचें अंतर्गत वर्तन सांगत ना. ब्रॉडकॉमच्या कार्डांचें वर्तन कांहीं स्वयंसेवकांनीं स्वतःच उलगडून ड्रायव्हर लिहिला, आणि २००६ मध्यें तो गाभ्यांत सामील झाला. २०१० मध्यें त्या कंपनीनें आपल्या नव्या कार्डांच्या ड्रायव्हरची आज्ञावली स्वतः खुली केली. दरम्यान क्लाउस क्नॉपर यांच्या ‘नॉपिक्स’नें डिस्कला हात न लावतां प्रणाली चालवून पाहण्याची सोय लोकप्रिय केली. आज पेन-ड्राइव्हवरून हेंच करतात. कार्ड, ध्वनि, पडदा हे सर्व चालतात कीं नाहीं, तें आधीं पाहावें आणि मगच बसवणी करावी.

हा प्रश्न आज आपल्या घरांपर्यंत आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चें सर्वसाधारण पाठबळ संपलें. चांगल्या चालणाऱ्या अनेक यंत्रांवर त्यापुढील आवृत्ति चढत नाहीं. तीं मोडींत काढावीं, कीं लिनक्स घालून मुलांच्या अभ्यासास ठेवावीं, हा निर्णय ज्यानें त्यानें करावयाचा आहे. दुसरा मार्ग धरला, तर अडचणी येतीलच. त्या वेळीं घाबरून सर्व पुसूं नये. महत्त्वाचे कागद व छायाचित्रें आधींच अन्यत्र उतरवून ठेवावीं, यंत्राचा संदेश जसाच्या तसा लिहून घ्यावा, एका वेळीं एकच बदल करावा, आणि उपाय सांपडला कीं तो दुसऱ्यासाठीं लिहून ठेवावा. ज्यांनीं हें शेवटचें काम कंटाळा न करतां केलें, त्यांच्यामुळेंच ही प्रणाली आपल्या हातीं आली आहे.