गैरहजर मुलांचा सण

१९७८ साली मी एका एकशिक्षकी शाळेवर रुजू झालो. आजच्या हिशेबानं ते गाव एटापल्ली तालुक्यात येतं. तेव्हा गडचिरोली जिल्हा व्हायचा होता, तो झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. आमचा जिल्हा चंद्रपूर, आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून चांदाच. मी चिमूरकडचा. मराठी शाळेत शिकलेला, डी.एड. झालेला, आणि आपल्याला मुलं शिकवता येतात अशी पक्की खात्री असलेला.

एप्रिल महिना होता. सकाळची शाळा. एके दिवशी मी घंटा दिली आणि एकही मूल आलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी हजेरीपत्रक उघडून प्रत्येक नावापुढे लाल शाईनं गैरहजेरी मांडली. चौथ्या दिवशी एक मुलगा सगळ्यांच्या आधी आला. दुसरीतला, चुणचुणीत, पाढे पाठ असणारा. तीन दिवसांचा राग माझ्या मनात साठला होता. तो मी त्या एकट्यावर काढला. कान धरून त्याला उन्हात उभं केलं. उरलेली मुलं कुंपणाबाहेरून बघत होती. त्यानंतर तो मुलगा शाळेत आला नाही. त्या वर्षी नाही आणि पुढच्या वर्षीही नाही.

मुलं का आली नव्हती, हे मला गावच्या गायत्यानं सांगितलं. गायता म्हणजे माडिया गावाचा पुजारी. पूजा, पेरणी, सणवार यांचा शब्द त्याचा. मोडक्यातोडक्या मराठीत तो मला ‘तू’ म्हणायचा. तो मराठी बोलताना सगळ्यांनाच ‘तू’ म्हणे, साहेबालासुद्धा. सुरुवातीला मला ते खटकायचं. तो म्हणाला, ‘मास्तर, विज्जा पंडुम होता. तुला कोणी सांगितला नाही?’

विज्जा म्हणजे बी. पेरणीआधी गावाचं बियाणं एकत्र आणायचं, त्याची पूजा करायची, आणि मग ज्याचं त्यानं आपल्या वाट्याचं न्यायचं. हा पंडुम झाल्याशिवाय शेतात दाणा पडत नाही. तसाच आंब्याचा मरका पंडुम. तो होईपर्यंत झाडाखाली आंबे पडले तरी कोणी तोंडाला लावत नाही. या सणांची तारीख कालनिर्णयात सापडत नाही. गाव बसतं आणि दिवस ठरवतं. शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीत नारळी पौर्णिमेचं नाव असायचं. समुद्र तिथून शेकडो मैल दूर. विज्जा पंडुम मात्र त्या यादीत नव्हता.

मी सण साजरे करत नव्हतो असं नाही. आमच्या झाडीपट्टीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. सुताराकडून करून घेतलेला लाकडी नंदी सजवायचा, दोरी बांधून ओढत घरोघरी न्यायचा, बोजारा गोळा करायचा. नागपूरकर भोसल्यांच्या काळात तो सुरू झाला असं सांगतात. रुजू झालो त्या पहिल्याच पावसाळ्यात मी मोठ्या हौसेनं गावाकडून दोन नंदी आणले आणि शाळेत तान्हा पोळा भरवला. मुलांनी नंदी उलटेपालटे करून पाहिले, चाकं फिरवून पाहिली आणि बाजूला ठेवले. मला वाटलं, यांना हौसच नाही. तो सण माझा होता, त्यांचा नव्हे, हे कळायला पुढचा एप्रिल यावा लागला.

पुढे वाचनाची सवय लागली तेव्हा ध्यानात आलं, की हा प्रश्न माझ्या आधीच्या माणसांना पडला होता, आणि आमच्या जिल्ह्याच्या दोन्ही बाजूंना त्याची उत्तरं शोधून झाली होती. पश्चिमेला वर्धा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन यांच्या समितीनं अभ्यासक्रम केला, आणि पुढच्या वर्षी हरिपुरा काँग्रेसनं तो उचलून धरला. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि मधोमध एक हस्तोद्योग. गणित, भूगोल, समाज हे सगळं त्या उद्योगाच्या अंगानं शिकायचं. हीच नई तालीम. सेवाग्रामात आर्यनायकम आणि आशादेवी यांनी ती चालवून दाखवली. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. त्या प्रांतात रविशंकर शुक्लांची विद्यामंदिर योजना आली होती. गावानं शाळेला जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, अशी ती कल्पना. १९३९च्या नोव्हेंबरात प्रांतिक मंत्रिमंडळं राजीनामे देऊन बाहेर पडली आणि त्या योजनेचा जोर ओसरला.

नई तालीमचा एक तुकडा मात्र माझ्या लहानपणापर्यंत पोचला होता. टकळीचा तास! पेळू हातात घेऊन आम्ही रांगेत बसायचो, सूत तुटायचं, गुरुजी ओरडायचे. त्या सुताचं पुढे काय व्हायचं, कोणी सांगितलं नाही. झाकीर हुसेन समितीनं सूतकताईच्या जोडीला शेती, बागकाम, सुतारकाम असे पर्याय दिले होते. पण टकळी स्वस्त, मोजायला सोपी आणि तपासणीत दाखवायला बरी. आमच्या चिमूरकडे निदान कापूस तरी पिकत होता. वैनगंगेपलीकडचा मुलूख भाताचा, मोहाचा, बांबूचा. तिथलं आठ वर्षांचं पोर बांबूची सापळी विणून ओढ्यातले मासे धरतं. त्याच्या हाताला काम शिकवायची गरज नव्हती. ते करतं ते काम आहे, हे शाळेनं ओळखायला हवं होतं.

दुसरं उत्तर दक्षिणेला, माणिकगडच्या डोंगरांपलीकडे सापडलं. ते आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आजचा राजुरा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. तो चांदा जिल्ह्याला जोडला गेला १९५९ साली. त्याच आदिलाबादेत १९४० मध्ये कोमाराम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांनी जंगल-जमिनीसाठी उठाव केला आणि जोडेघाटला भीम मारले गेले. हे का घडलं, याचा शोध घ्यायला निजाम सरकारनं एक मानववंशशास्त्रज्ञ नेमला. त्याचं नाव ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ, जन्म व्हिएन्नाचा. महायुद्ध सुरू झालं तेव्हा पासपोर्ट जर्मनीचा, त्यामुळे इंग्रजांच्या लेखी शत्रू देशाचा नागरिक. हैदराबाद संस्थानाबाहेर जायची त्याला मनाई होती. त्या नजरकैदेनं गोंडांचं भलं झालं, असंच म्हणायला हवं.

त्यानं जमिनीच्या पट्ट्यांबरोबर शिक्षणाचाही आग्रह धरला. १९४३ साली उटनूर भागातल्या मारलवाई गावी गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. थोडंफार लिहिता-वाचता येणारे गोंड तरुण शोधून त्यांनाच मास्तर केलं. मुलांसाठी गोंडी भाषेत वाचनमाला काढली, आणि तिची लिपी ठेवली देवनागरी, कारण त्या डोंगरात व्यवहाराची भाषा मराठी होती. गोंडांच्याच कथा त्या पुस्तकांत आल्या. पहिला धडा घरच्या बोलीत आणि मग हळूहळू बाहेरच्या भाषा. सेतुमाधवराव पगडी तेव्हा संस्थानच्या नोकरीत होते. तेही गोंडी शिकले आणि त्या भाषेवर त्यांनी लिहिलं. पुढे राज्यपुनर्रचना झाली, आदिलाबाद आंध्रात गेलं, शाळेत तेलुगू आली, बाहेरचे शिक्षक आले आणि गोंडी पुस्तकं मागे पडली. आपलं काम कसं विरून गेलं हे हायमेनडॉर्फ यांनी १९८२च्या आपल्या पुस्तकात स्वतःच नोंदवून ठेवलं आहे.

वर्ध्यानं हात ओळखला, मारलवाईनं भाषा आणि गोष्ट ओळखली. या दोहोंच्या मधल्या आमच्या जंगलात यातलं जवळजवळ काहीच आलं नाही. १९७३च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, १९७६ साली तिथे आश्रमशाळा निघाली. तिथल्याही सुरुवातीच्या गोष्टी पळून जाणाऱ्या मुलांच्याच आहेत. वसतिगृहाच्या शाळेत ही अडचण दुपटीनं जाणवते. मूल पंडुमाला घरी गेलं की परत येईलच असं नाही, आणि जाऊ दिलं नाही तर पुढचा पंडुम त्याचा राहत नाही.

माझ्या शाळेत मी काय केलं? फार काही नाही. दुसऱ्या वर्षी पंडुमाच्या आधी गायत्याकडे गेलो आणि म्हटलं, मुलांना बी घेऊन शाळेत येऊ द्या. मुलं धान, कोसरी, उडीद असं पळसाच्या द्रोणात घेऊन आली. आम्ही दाणे निवडले, पोचट वेगळे काढले, दहा-दहाचे ढीग केले. उंदी, रंड, मूंड मी त्यांच्याकडून शिकलो, एक, दोन, तीन ते माझ्याकडून. मोजायला पायली आणली. मग ओल्या फडक्यात बी बांधून कोणाचं किती उगवतं ते पाहिलं. एका मुलीच्या द्रोणातलं निम्मं बी उगवलंच नाही. दुसऱ्या दिवशी तिचा बाप शाळेत आला, माझ्याशी एक शब्दही न बोलता ते फडकं उलगडून बराच वेळ बघत बसला आणि निघून गेला. त्यानं शेजाऱ्याकडून दुसरं बियाणं घेतल्याचं मला नंतर कळलं. शाळेचा कोणाला उपयोग झाला, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

तेंदूपत्त्याचे दिवस आले की पुडक्यांचा हिशेब घ्यायचो. आईबरोबर पहाटे पानं तोडणाऱ्या पोराला शेकडा काय असतो, हे पुस्तकातून शिकावं लागत नाही.

तपासणीला आलेल्या एका साहेबांनी द्रोण पाहून विचारलं, ‘हा कोणता सण? यादीत तर नाही.’ मी म्हटलं, निसर्ग-अभ्यासाचा पाठ आहे. त्यांनी तसं लिहून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता.

आता रकाना आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या २९व्या कलमात कृतीतून आणि शोधातून शिकणं लिहिलं आहे, शक्य तिथे मातृभाषाही लिहिली आहे. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख, तरी घटनेच्या आठव्या अनुसूचीत ती भाषा आलेली नाही. २०१९ साली धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं स्वतःची गोंडी शाळा काढली आणि तिच्या नावात गोटूल हा शब्द ठेवला. तरुण पोरं जिथे एकत्र येऊन गाणं, नाच, गावाची रीत शिकतात ते गोटूल. त्याच शिक्षणहक्क कायद्याच्या आधारे या शाळेला परवानगी नसल्याची नोटीस आली. मला ते वाचून माझं लाल शाईचं पान आठवलं.

उन्हात उभा केलेला तो मुलगा मला पुढे बाजारात भेटायचा. मोठा झाला होता, हसायचा, एकदा त्यानं मला मोहाची फुलंही दिली. शाळेबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मी बोलायला हवं होतं.

१९८६ मध्ये माझी बदली झाली. निघताना नव्या हजेरीपत्रकाच्या आतल्या पानावर पुढच्या मास्तरांसाठी गावातल्या पंडुमांची नावं लिहिली. तारखांची जागा रिकामी ठेवली आणि खाली टीप दिली: ‘दिवस गायत्याला विचारावा.’