धिंड आणि बहिष्कार: इंदापूर-सुपे परिसरातील लोकलज्जेची शिक्षा

डोक्याला पाच पाट काढावेत, तोंडास काळे फासावे आणि अपराध्यास गाढवावर बसवून गावातून फिरवावे, ही रीत पेशवाईत देशावर सर्वपरिचित होती. ज्या समाजात वतन, पत आणि सोयरीक ही तिन्ही गावाच्या नजरेवर अवलंबून, तेथे ही शिक्षा पुष्कळांस कैदेहून कठोर वाटे. कंपनी सरकारनेही ती लगेच टाकून दिली नाही. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीतील 1827 च्या चौदाव्या रेग्युलेशनमध्ये शिक्षांच्या यादीत जाहीर अप्रतिष्ठेला जागा होती.

तिच्यावरील खरा आक्षेप 1837 च्या दंडसंहितेच्या मसुद्यात आला. मेकॉले व त्याच्या सहकाऱ्यांनी गाढवावरून फिरविण्याच्या देशी प्रथेचा नाव घेऊन विचार केला आणि ती नाकारली. त्यांचे कारण दयेचे नव्हे, मापाचे होते. निर्ढावलेल्या गुन्हेगारास धिंड म्हणजे काहीच नाही. अब्रूदार माणसास ती मरणाहून भयंकर. म्हणजे जेथे कठोरपणाची गरज कमी, तेथेच ही शिक्षा अधिक कठोर. 1860 च्या दंडसंहितेच्या कलम 53 मध्ये तिला स्थान मिळाले नाही.

कायद्याने टाकलेले हे शस्त्र गावाने मात्र ठेवले होते. 1875 च्या सावकारविरोधी उठावात इंदापूर तालुक्यातील कळस येथे कुणब्यांनी जे समापत्र केले, ते या दृष्टीने फार बोलके आहे. गुजर सावकारांची शेते कसणाऱ्यास व त्यांची चाकरी करणाऱ्यास बलुतेदारांची सेवा मिळू नये, त्याच्याशी रोटीबेटी व्यवहार राहू नये, असा त्याचा आशय. सावकारास वाळीत टाकण्याचे प्रकार शिरूर तालुक्यातील कर्डे येथे आधीच घडले होते. परंतु कळसच्या समापत्राचा भार मुख्यतः पडतो तो सावकारावर नव्हे, पोटासाठी त्याच्याकडे राबणाऱ्यावर. मेकॉलेने दाखविलेली विषमता येथे गावगाड्यात उतरलेली दिसते. गुजराचे सोयरे आणि त्याची जात गावाबाहेर. कुणब्याचे सर्वस्व गावात. लज्जेचा दंड एवढ्यावरूनच कोणास किती लागणार हे ठरत होते. (रयतेची बाजू न्याय्य होती म्हणून हा दोष झाकण्याचे कारण नाही.)

भीमथडी तालुक्यातील सुपे येथे 12 मे 1875 रोजी जमावाने लज्जेचा मार्ग सोडून थेट कागद गाठले. सुपे आज बारामती तालुक्यात मोडते. त्या उठावात माणसांवरील हल्ले तुरळक राहिले. रोखे व खतपत्रे मिळवून ती नष्ट करणे हाच मुख्य उद्देश होता. त्यातून आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास अटक करणे बंद केले. कर्जदाराची चारचौघांत होणारी एक विटंबना त्यामुळे थांबली.

गावाच्या हातातील शस्त्रावर कायद्याची नजर फार उशिरा वळली. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा 2016 चा असून तो 3 जुलै 2017 पासून अमलात आला. राज्यसत्तेवरील मर्यादा त्याआधी न्यायालयांनी आखली. बेड्या सरसकट घालण्यास सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली प्रेमशंकर शुक्ला प्रकरणात मनाई केली आणि 1985 मध्ये लछमादेवी प्रकरणात जाहीर फाशी संविधानाच्या अनुच्छेद 21 शी विसंगत ठरविली. तरी आरोपींना भररस्त्याने फिरविल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अजूनही येतात, आणि त्या फिरविण्याला लोक आजही धिंडच म्हणतात.