उभे राहिल्याने हृदय सुदृढ राहते का? लंडनच्या बसमधील दोन माणसांची साक्ष

१९४९ सालचे लंडन. महायुद्ध संपून चार वर्षे झाली होती, तरी शिधापत्रिका अजून चालूच होत्या. रस्त्यांवर लाल डबलडेकर बस धावत होत्या आणि प्रत्येक बसवर दोन माणसे कामाला असत. ड्रायव्हर पुढच्या बंदिस्त केबिनमध्ये पाळीतील सुमारे ९० टक्के वेळ बसून असे. कंडक्टर मात्र तिकिटे देत खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर आणि पुन्हा खाली अशा फेऱ्या मारी. एका दिवसात तो ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. मुंबईच्या रस्त्यांवर १९३७ पासून डबलडेकर होती. तिचा तो अरुंद वळणाचा जिना ज्यांनी गर्दीच्या वेळी चढला आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

या दोन माणसांच्या हृदयांची तुलना करावी, ही कल्पना जेरेमी मॉरिस या डॉक्टरची. १९१० साली लिव्हरपूलमध्ये जन्मलेला, ग्लासगोत वाढलेला हा ज्यू स्थलांतरितांचा मुलगा महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलातून हिंदुस्थानात येऊन गेला होता. १९४८ पासून तो ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सामाजिक वैद्यक विभागाचा प्रमुख होता.

इतिहासाच्या अभ्यासकांना मॉरिस जवळचा वाटावा असे एक कारण आहे. त्याची सुरुवात दवाखान्यात नव्हे, दप्तरात झाली. लंडन हॉस्पिटलमध्ये टर्नबुल या विकृतिशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली १९०७ पासून शवविच्छेदनाच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या गेल्या होत्या. मॉरिसने १९४९ पर्यंतच्या त्या नोंदी चाळल्या आणि त्याला एक विसंगती आढळली. हृदयाच्या धमन्यांना आतून येणारा जाड थर या चाळीस वर्षांत वाढलेला दिसत नव्हता, तरी हृदयविकाराच्या झटक्याच्या खुणा मात्र कितीतरी वाढल्या होत्या. म्हणजे धमन्यांखेरीज माणसांच्या जगण्यातच काहीतरी बदलले असावे, असा तर्क त्याने केला. ते ‘काहीतरी’ रोजच्या कामात शोधावे, या विचाराने तो बसपर्यंत पोहोचला.

निवड चतुर होती. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच संस्थेचे नोकर, साधारण एकाच सामाजिक थरातले, एकाच शहराच्या धुरात वावरणारे. परिवहन सेवेतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या नोंदी तपासल्या गेल्या. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोन भागांत निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयधमन्यांच्या विकाराचे वार्षिक प्रमाण ड्रायव्हरांत दर हजारी २.७ होते, कंडक्टरांत १.९. शिवाय कंडक्टरांना आजार झालाच तर तो बहुधा सौम्य रूपात येई. झटक्यानंतर लवकर ओढवणारे मृत्यू ड्रायव्हरांतच अधिक होते. टपाल खात्यातही तेच चित्र दिसले: पायी किंवा सायकलवर पत्रे वाटणारे पोस्टमन एका बाजूला, टेलिफोनवर बसणारे आणि कारकून दुसऱ्या बाजूला.

त्या काळी हे किती धाडसाचे होते, याची कल्पना आज येत नाही. झटका आलेल्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. नुकतेच, १९५२ साली, सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या अमेरिकन डॉक्टरांनी अशा रुग्णांना पलंगावरून उठवून आरामखुर्चीत बसवावे असे सुचवले होते आणि तेवढेही अनेकांना धोकादायक वाटले होते. म्हणजे एका खंडात खुर्ची ही क्रांती ठरत होती, तर दुसऱ्या खंडात पुढच्याच वर्षी तीच खुर्ची आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली.

पुढील काळात या अभ्यासाचे लोकप्रिय कथन असे झाले: बसणारा ड्रायव्हर मेला, उभा राहणारा कंडक्टर वाचला. उंच टेबलापाशी उभ्याने काम करण्याची जी टूम अलीकडे कचेऱ्यांत आली, तिच्या समर्थनार्थही लंडनच्या बसची साक्ष काढली जाते. ही साक्ष चुकीची नोंदवली गेली आहे. कंडक्टर नुसता उभा नव्हता, तो जिना चढत होता.

खुद्द मॉरिसचा पुरावाही निर्दोष नव्हता आणि ही गोष्ट त्याच्याच गटाने शोधून काढली. १९५६ साली त्यांनी बसकर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे अभ्यासली. शिंप्याच्या वहीतून रोगाचा माग काढण्याचे असे उदाहरण विरळाच. ड्रायव्हरांच्या विजारींचा कंबरेचा घेर कंडक्टरांपेक्षा अधिक होता आणि हा फरक तरुण वयोगटातही दिसत होता. मग प्रश्न उभा राहिला: खुर्चीने ड्रायव्हर स्थूल केला, की मुळात स्थूल होऊ पाहणारा माणूसच ड्रायव्हरची जागा पत्करत होता? १९६० च्या दशकात रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि नव्याने भरती होणारे उमेदवार तपासले गेले, तेव्हा ही शंका आणखी बळावली. कामाच्या खात्यात जमा केलेला सगळाच फरक कामाचा नव्हता.

मॉरिसने हार मानली नाही; प्रश्न बदलला. माणसाच्या नोकरीऐवजी त्याच्या फावल्या वेळाकडे पाहायचे त्याने ठरवले. १९६८ ते १९७० या काळात ४० ते ६४ वयाच्या १६,८८२ सरकारी अधिकाऱ्यांना सोमवारी सकाळी आदल्या शुक्रवार-शनिवारचा हिशोब, पाच-पाच मिनिटांचा, लिहायला सांगितला गेला. हे सगळेच दिवसभर टेबलाशी बसणारे. १९७३ च्या निष्कर्षानुसार जोमदार व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे एकतृतीयांश होता. हलक्याफुलक्या हालचालींच्या बेरजेने मात्र असे संरक्षण दिले नाही. उभे राहण्याचा पक्ष खरे तर इथेच कोसळला होता, फक्त तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. माणूस उभा राहिला की गुरुत्वाकर्षणाने अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त शरीराच्या खालच्या भागात उतरते. ते वर परत पाठवण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात, पण चालताना, आकुंचन पावले तरच. निश्चल उभ्या माणसात हा पंप जवळजवळ बंद असतो.

हे निरीक्षणही नवे नव्हे. इटलीतील मोदेना येथे १७०० साली बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कारागिरांच्या रोगांवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. त्यात बसून काम करणाऱ्यांवर एक प्रकरण आहे. शिंपी आणि चांभार यांची सणाची मिरवणूक निघाली की त्यांच्या वाकलेल्या, डुलत्या चालीला लोक हसत, असे तो नोंदवतो. पण त्याच ग्रंथात उभ्याने राबणाऱ्यांवरही स्वतंत्र प्रकरण आहे: त्यांच्या पायांच्या फुगलेल्या शिरा, जखमा, थकवा. अशांनी मधून मधून बसावे किंवा चालावे, हा त्याचा सल्ला. सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या या वैद्याला जे उमगले होते, ते आधुनिक आकडे पुन्हा सांगत आहेत. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात सुमारे ७,३०० कामगारांचा १२ वर्षे मागोवा घेतला गेला. मुख्यतः उभ्याने काम करणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण बसून काम करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाले (२०१८). ब्रिटनमधील ८३,०१३ प्रौढांच्या मनगटावरील यंत्रांच्या नोंदींवरून २०२४ साली असे दिसले, की अधिक वेळ उभे राहिल्याने हृदयविकाराचा धोका घटत नाही आणि दोन तासांपलीकडे रक्ताभिसरणाच्या काही तक्रारी, उदाहरणार्थ पायांच्या शिरा फुगणे, वाढू लागतात.

मात्र या इतिहासाची एक बाजू प्रयोगशाळेत सापडत नाही. उभे राहण्याची निवड करणारा आणि उभे राहावेच लागणारा, ही दोन वेगळी माणसे आहेत. ब्रिटनमध्ये १८९९ साली कायदा करावा लागला, की दुकानातील दर तीन स्त्री-कर्मचाऱ्यांमागे निदान एक आसन असावे. भारतात कोळिकोडच्या कापडदुकानांतील स्त्रियांनी पी. विजी यांच्या नेतृत्वाखाली बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला, तेव्हा २०१८ साली केरळने दुकानांविषयीचा कायदा सुधारला. २०२१ साली तमिळनाडूने आपल्या १९४७ च्या कायद्यात नवे कलम घातले. कामाच्या ओघात बसण्याची संधी मिळेल तेव्हा बसता यावे, यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याला आसन असावे, असे ते कलम सांगते.