अर्ध्या बटणाची कुळकथा

नव्वदच्या दशकात नवरात्राच्या रात्री बडोद्यात, गोरव्यातल्या कुठल्याही सोसायटीत गरब्याच्या कडेला एखादे काका ऑटोफोकस कॅमेरा घेऊन उभे दिसत. बटण दाबलं की आतून ‘झुईं’, मग क्षणभर शांतता, मग फ्लॅश. तोवर पुतणी टाळी देऊन पुढे गेलेली असे. रोल धुऊन आला की फोटोत कुणाची तरी पाठ आणि अर्धी ओढणी. दोष मात्र पुतणीलाच लागे, थांबली नाही म्हणून!

गंमत अशी की आपल्याच बडोद्यात बनलेल्या कॅमेऱ्याला ही खोड नव्हती. न्यू इंडिया इंडस्ट्रीज ही बडोद्याची कंपनी आग्फाच्या परवान्यावर ‘क्लिक थ्री’ बनवत असे. १२० च्या रिळावर बारा चौकोनी फोटो निघत. भिंगाचं छिद्र बारीक आणि फोकस कारखान्यातच कायमचा बसवलेला, त्यामुळे आठ-दहा फुटांपलीकडचं बहुतेक सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येई. मोजायचंच काही नसल्यामुळे खटका दाबताक्षणी फोटो निघे. अंतराचा अंदाज माणसाने आधीच घेतलेला असे: ‘अजून थोडं मागे सरका, वहिनी.’

मात्र बारीक छिद्रातून उजेड कमी येतो. संध्याकाळी आणि घरात असा कॅमेरा लंगडा पडे, आणि छिद्र मोठं करावं तर फोकस अचूक असावा लागतो. या दोन्ही अडचणींवर जपानच्या कोनिशिरोकू कंपनीने पाठोपाठ उपाय काढले. १९७५ मध्ये कोनिका सी-३५ ईएफ या कॅमेऱ्याच्या अंगातच तिने फ्लॅश बसवला आणि १९७७ मध्ये सी-३५ एएफ आणला. मोठ्या संख्येने विकला गेलेला हा पहिला ऑटोफोकस कॅमेरा.

त्याचे डोळे अमेरिकेच्या हनीवेल कंपनीचे होते. त्या भागाचं नाव व्हिजिट्रॉनिक. दोन खिडक्यांतून एकाच दृश्याच्या दोन प्रतिमा आत येत. बटण दाबलं की एक आरसा फिरू लागे आणि दोन्ही प्रतिमा जुळल्या की भिंग तिथेच अडकवलं जाई. आपण ज्याला उशीर म्हणून शिव्या घालतो, त्याचं मूळ या मोजणीत आहे. १९७९ मध्ये कॅननच्या एएफ-३५ एम ने वेगळी वाट धरली. तो अवरक्त किरण सोडे आणि परतलेल्या किरणाच्या कोनावरून अंतर काढी. अंधारातही हे जमे, म्हणून पुढच्या बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांनी तीच रीत उचलली.

किरणाच्या खोड्या वेगळ्या. गाडीच्या काचेवरून तो उलटा फिरे आणि डोंगराऐवजी काचेपुरतं अंतर मोजलं जाई. काळा कोट तो पिऊन टाकी. शिवाय किरण सुटे चौकटीच्या मध्यातून, आणि लग्नाच्या फोटोत मध्यभागी असते काय? नवरा-नवरीमधली फट! मागची झालर लख्ख, जोडपं धूसर.

अर्धं बटण आलं ते यावरचा तोडगा म्हणून. नवरीला मध्यात घ्यायचं, बटण निम्म्यावर दाबून धरायचं, मोजलेलं अंतर कॅमेऱ्याच्या पोटात अडकलं की चौकट सरकवून उरलेलं दाबायचं. माझ्या मते या कॅमेऱ्यांतला सगळ्यात शहाणा शोध हाच, कारण उशीर नाहीसा होत नाही हे मान्य करून त्याने तो क्षणाच्या आधी ढकलला. अर्थात अनेक कॅमेऱ्यांत अर्ध्या दाबाने फक्त अंतर मोजलं जाई. भिंग सरके ते पुरतं दाबल्यावरच. म्हणून थोडा उशीर उरेच. त्यात लाल डोळे टाळणारा आगाऊ दिवा चालू असला की गरबा गेलाच हातातून.

हनीवेलच्या त्या डोळ्यांचं मोल किती, ते पुढे न्यायालयात कळलं. ऑटोफोकसच्या पेटंटवरून हनीवेलने मिनोल्टा या कॅमेरा कंपनीला खेचलं आणि १९९२ मध्ये मिनोल्टाने १२ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

माळ्यावर असा कॅमेरा पडून असेल आणि रोल घालायचा विचार असेल, तर आधी नवा सेल घाला. लाल डोळ्यांचा दिवा बंद करा आणि काचेतून फोटो काढताना डोंगराच्या चिन्हाचं बटण असेल तर ते दाबा. गरब्यात नाचणारीचा पाठलाग करू नका. ती ज्या जागी येणार तेवढ्याच अंतरावरच्या कशावर तरी अर्धं बटण दाबून धरा, आणि ती तिथे पोचण्याच्या जरा आधीच उरलेलं दाबा.