टायमिंगची गोष्ट: राजूर घाटातली पद्मिनी ते समृद्धीवरचा टर्बो

मेहकरहून समृद्धी महामार्गावर चढलात की समोर सरळ रस्ता आणि 120ची मर्यादा. हाताखाली टर्बो पेट्रोल गाडी असली की मनात येतंच, "रिमॅप करून घ्यावं का? लॅपटॉप जोडला की पॉवर वाढते म्हणे!" वाढते, खरंय. पण आधी या टायमिंगचा इतिहास ऐका.

पेट्रोल इंजिनाचं गणित दोन गोष्टींवर चालतं. ठिणगी कधी पडायची आणि हवेत पेट्रोल किती मिसळायचं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते.

आता आपल्या आजोबांच्या काळात चला. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी. तिला कॉम्प्युटर कुठला? मिस्त्री डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवायचा, कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव वळसा आवळायचा आणि कान देऊन ऐकायचा. बुलढाण्याचा राजूर घाट चढताना इंजिनातून टकटक आली, की समजायचं ठिणगी फार लवकर पडतेय. या टकटकीलाच नॉकिंग म्हणतात. ज्योत पोहोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. जास्त झालं तर पिस्टनच फुटतो.

टर्बोची कल्पना तर त्याहून जुनी. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये तिचं पेटंट घेतलं. बाहेर जाणाऱ्या धुरावर पंखा फिरवायचा आणि जास्त हवा आत कोंबायची. पण कोंबलेली हवा तापते आणि तापली की नॉकिंग. 1962 मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबाईल जेटफायर आली. नॉकिंग टाळायला तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारायचे. लोक ती टाकी भरायलाच विसरायचे! गाडी दोन वर्षांत बंद पडली.

खरा तोडगा निघाला तो नॉक सेन्सरमुळे. 1980च्या दशकात स्वीडनच्या साब कंपनीने टकटक ऐकून टर्बोचा दाब आपोआप कमी करणारी यंत्रणा आणली. म्हणजे मिस्त्रीचा कानच इंजिनावर बसवला म्हणा ना!

आपल्याकडे 2013 मध्ये चाकणला बनणारी पोलो जीटी टीएसआय आली, 2014 मध्ये टाटाची झेस्ट. झेस्टमध्ये तर बटण दाबून सिटी, इको किंवा स्पोर्ट मोड निवडता यायचा. ठिणगी आणि पेट्रोल, दोन्हीचा हिशेब आता ईसीयूकडे.

मग रिमॅपवाला करतो काय? टर्बोचा दाब वाढवतो, ठिणगी थोडी आधी पाडतो. कंपनीने मात्र तिथे मुद्दाम जागा राखलेली असते. कशासाठी? मे महिन्यात घाटाखालच्या खामगाव-मलकापूरच्या उन्हासाठी, कमी प्रतीच्या पेट्रोलसाठी, समृद्धीवर तासन्‌तास एकाच वेगाने धावण्यासाठी. दाब चढला की इंजिन थंड राहावं म्हणून मिश्रणही घट्ट लागतं, साधारण 12ला 1. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. त्याचा ऑक्टेन चांगला, पण त्याला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त. दुसऱ्याच इंधनावर बनवलेली फाईल इंटरनेटवरून उचलून टाकली, तर हा हिशेब चुकू शकतो.

सेन्सर वाचवतो, पण एका मर्यादेपर्यंतच. म्हणून रिमॅप करणारच असाल तर एकच प्रश्न विचारा: "भर उन्हात, फुल लोडवर, आपल्या पंपावरच्या पेट्रोलवर तपासलंय का?" उत्तर गुळमुळीत आलं, तर गाडी वळवा.

जुना मिस्त्री गाडी हातात द्यायच्या आधी घाट चढवून बघायचा. तेवढं तरी विसरू नका. भेटू पुढच्या भागात!